गोठ्यातील चीक व घरातील चीक

गाय व्याली की शेतकऱ्याच्या घरी जी लगबग सुरू होते ती सर्वांच्या परिचयाची आहे. वासराच्या नाकातोंडातील चिकटा पुसून काढावयाचा, गाय चाटत नसेल तर त्याच्या अंगावर थोडे मीठ किंवा कोंडा भुरभुरून तिला चाटावयास लावावयाचे, नाळ कापून तिला टिंक्चर आयोडीन लावावयाचे आणि वासरू धडपडत उभे राहू लागले की त्याचे तोंड कासेला लावून द्यावयाचे. जाणता गोपालक ह्या कामात दिरंगाई करीत नाही. पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेला नाही तर ते वासरू पुढे हगवणीने किंवा फुप्फुसाच्या विकाराने दगावण्याची भीती असते, हे त्याला अनुभवाने ठाऊक झालेले असते. वासराच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याला पहिल्या दिवसात मिळावा, असे पशुवैद्य सांगत आले आहेत. वासराचे भागून उरलेल्या चिकाचा गूळ-वेलची घालून खरवस होतो आणि त्याच्या वड्या भावकीत व शेजारीपाजारी आवर्जून पाठविल्या जातात.

त्याच घरातील सून बाळंत होते तेव्हा पुष्कळदा वेगळाच क्रम दिसतो. बाळाला न्हाऊ घालून कपड्यात गुंडाळून ठेवतात. कोणी वडीलधारी बाई त्याला मधाचे बोट चाटविते. गुळाचे पाणी कापसाच्या वातीने त्याच्या तोंडात पिळले जाते, कोठे एरंडेलाचे चाटण होते, कोठे शेळीचे किंवा गाईचे दूध पाणी घालून पाजले जाते. आईच्या अंगावर उतरणारा दाट पिवळसर चीक मात्र पिळून टाकण्यात येतो. तो नऊ महिने साचलेला आहे, शिळा आहे, बाळाला पचणार नाही, अशी समजूत असते. तिसरा दिवस उजाडल्यावर पांढरे दूध दिसू लागते आणि मग बाळ आईजवळ दिले जाते. हे प्रत्येक घरी घडते असे नाही. ज्या गावांत आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका नेटाने काम करतात, तेथे ही चाल बरीच मागे पडली आहे. तरीही ती पुरती गेलेली नाही, आणि ज्या घरात ती टिकून आहे त्या घरातील गोठ्यात वासराला चीक वेळेवर मिळतो, हे पाहिल्यावर नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

चिकात काय असते

स्त्रीच्या अंगावर प्रसूतीनंतर पहिले दोन-तीन दिवस जो चीक येतो तो मोजकाच असतो. दिवसभरात मिळून तो काही चमचेच भरतो. त्यामुळे पाहणाऱ्या बायका म्हणतात, हिला दूधच नाही. परंतु पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचा-दीड चमच्याहून फारसे अधिक मावत नाही. निसर्गाने ज्या मापाचे भांडे दिले त्याच मापाचा रस दिलेला आहे. चिकाचा पिवळा रंग हा कुजल्याचा नव्हे. गाजरात व पिवळ्या भोपळ्यात जे रंगद्रव्य असते त्याच जातीचे द्रव्य त्यात विपुल असते व शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. प्रथिनांचे प्रमाण पुढील दुधापेक्षा पुष्कळ जास्त असते. शिवाय चीक सारक असल्यामुळे बाळाच्या आतड्यात साठलेली पहिली काळी शी लवकर बाहेर पडते. त्यासाठी एरंडेलाची काहीच गरज राहत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चिकातील रोगप्रतिकारक द्रव्ये. येथे वासरू व मूल यांत एक फरक आहे, तो गोपालकाने समजून घ्यावा. गाईच्या वारेतून ही द्रव्ये वासराला जवळजवळ मिळतच नाहीत, म्हणून वासरू अगदी निःशस्त्र जन्मते. आणि त्याच्या आतड्यातून ती द्रव्ये रक्तात शोषली जाण्याची वाट साधारण पहिल्या 24 तासांत बंद होते. मानवी बालकाला आईच्या रक्तातून काही द्रव्ये गर्भातच मिळालेली असतात. आईचा चीक त्याच्या आतड्याच्या आतल्या पदरावर जणू सारवण घालतो, आणि घशातून उतरणाऱ्या जंतूंना तेथे पाय रोवू देत नाही. घर सारवण्यापूर्वीच त्यात धान्य ओतले तर जे होईल, तसेच चिकाच्या आधी गुळाचे पाणी पाजल्याने होते. गुळाच्या पाण्यातील, वातीवरील व पाजणाऱ्याच्या बोटावरील जंतू उघड्या आतड्यावर जाऊन बसतात. मधाविषयी तर विशेष सावध राहावे. त्यात क्वचित अशा जंतूंची बीजे असतात की ज्यांच्या विषाने तान्ह्या मुलाचे स्नायू लुळे पडतात. म्हणून मूल एक वर्षाचे होईपर्यंत त्याला मध मुळीच देऊ नये.

ह्या पहिल्या तासाचे मोल किती आहे, याची मोजदाद पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या ग्रामीण भागात झालेली आहे. तेथील दहा हजारांहून अधिक बालकांच्या पाहणीचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. सर्व बालकांना पहिल्या तासात अंगावर पाजले असते तर पहिल्या महिन्यातील सुमारे 22 टक्के मृत्यू टळू शकले असते, असा त्यांचा हिशेब आहे.

चाल कशी पडली

जुन्या बायकांना अडाणी म्हणून हा प्रश्न सुटत नाही, आणि तसे म्हणणे न्यायाचेही नाही. आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांतसुद्धा प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते असे सांगून तोवर मध व तूप चाटविण्यास सांगितले आहे. पांढरे दूध तिसऱ्या दिवशी भरून येते हे निरीक्षण बरोबरच आहे. त्याच्या आधी येतो तो चीक म्हणजे बाळाचे अन्न आहे, एवढेच त्यात धरले गेले नाही. शिवाय बाळंतिणीच्या संगोपनाच्या किती तरी चाली उत्तम आहेत. सव्वा महिना विसावा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, खसखस, अंगाला तेल आणि ऊबदार खोली यांत टाकण्यासारखे काहीच नाही. कार्यकर्त्याने घरात पाऊल टाकताच सर्वच जुन्याला नावे ठेवली तर सासूबाई त्याचे शहाणपण उंबऱ्याबाहेरच ठेवतील व त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही.

अशी चूक एके काळी गोठ्यातही सर्रास होत असे, हे येथे आठवावे. गाईची वार, कोठे तिला जार म्हणतात, पडेपर्यंत वासराला पाजू नये असे अनेक शेतकरी मानीत व काही आजही मानतात. वस्तुतः वासरू ओढू लागले म्हणजे गाईच्या शरीरात जो रस सुटतो त्याने गर्भाशय आवळते आणि वार पडण्यास मदतच होते. पशुवैद्यांनी हे पुन्हा पुन्हा सांगितले, शेतकऱ्यांनी करून पाहिले आणि चाल बदलत गेली. स्त्रीच्या बाबतीतही तंतोतंत हेच आहे. बाळ अंगावर पिऊ लागले की गर्भाशय आवळते आणि रक्तस्राव कमी होतो. म्हणजे पहिल्या तासातील पाजणे बाळाइतकेच आईच्याही हिताचे आहे. ही गोष्ट सासूबाईंना सांगितली तर त्या चटकन ऐकतात, कारण अंगावरून फार जाऊन दगावलेली एखादी तरी बाळंतीण त्यांच्या आठवणीत असते.

दवाखाना आला, तास तोच राहिला

बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटेल, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे वेगळे सांगतात. 2015-16 च्या पाहणीत देशातील सुमारे 79 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे आढळले. 2019-21 च्या पाहणीत हे प्रमाण 88.6 टक्क्यांवर गेले. परंतु जन्मानंतर एका तासाच्या आत अंगावर पाजलेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या पाहणीत 41.6 टक्के होते, ते दुसऱ्या पाहणीत 41.8 टक्के इतकेच भरले. दवाखान्याकडे जाणाऱ्यांची संख्या वाढली, आणि पहिला तास होता तेथेच राहिला.

याची कारणे शोधावयास फार लांब जाण्याची आवश्यकता नाही. बाळाला पुसून, वजन करून नातेवाइकांच्या हाती दिले जाते. आई टेबलावर, बाळ व्हरांड्यात. तेथे आजी, आत्या, मावशी जमलेल्या असतात आणि कोणाच्या तरी पिशवीत मधाची लहानशी बाटली असते. शस्त्रक्रिया करून बाळंतपण झाले तर ‘तिला शुद्ध येऊ द्या’ म्हणून आणखी वेळ जातो. वास्तविक कमरेखालचा भाग बधिर करून शस्त्रक्रिया झाली असेल तर आई शुद्धीतच असते आणि परिचारिकेच्या मदतीने बाळाला तासाभरात छातीशी घेता येते. पूर्ण भूल दिली असली तरी ती उतरून आई सावध होताच पाजण्यास सुरुवात करावी. वजनाने कमी भरलेल्या बाळाला ओढता येत नसेल तर चीक स्वच्छ वाटीत काढून चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावा. भांडे उकळून घेतलेले असावे. रबरी बुचाची बाटली घरात आणूच नये. ती नीट धुतली जात नाही आणि बाळाला आईकडे ओढण्याचा आळस लावते.

पाजावयाची रीत सोपी आहे. बाळाला कोरडे पुसून उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवावे व दोघांवर मिळून पांघरूण घालावे. बाळ हुंगत, चाचपडत स्वतःच स्तनाकडे सरकू लागते. तोंड चांगले उघडले की नुसते स्तनाग्रच नव्हे तर त्याभोवतालचा काळसर भागही तोंडात जाईल असे धरावे. तसे न धरल्यास चिरा पडतात, आईला कळ येते आणि ती पाजण्यास भिऊ लागते. दूध नाही असे ज्या बायका सांगतात त्यांपैकी पुष्कळींची अडचण एवढ्याशा गोष्टीत असते.

पान्हा

धार काढणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. जनावर बुजले, अनोळखी माणूस गोठ्यात आला, कोणी काठी उगारली तर गाय पान्हा चोरते. कास भरलेली असते, पण सडातून धार येत नाही. म्हणून आंबोण पुढे ठेवून, पाठीवरून हात फिरवून, वासरू दाखवून तिला पान्हवतात. आईच्या दुधाला मराठीत पान्हा हाच शब्द आहे. ज्या बाळंतिणीला ‘मुलगीच झाली’ म्हणून टोमणे ऐकावे लागतात, जिच्यासमोर ‘हिच्या अंगावर दूधच नाही’ असे दिवसातून चार वेळा बोलले जाते, जिची झोप पुरी होत नाही, तिचा पान्हा दबतो. मग बाळ रडते, वरचे दूध सुरू होते, बाळ अंगावर कमी ओढते आणि कमी ओढल्यामुळे दूध खरोखरच आटू लागते. जितके ओढले जाईल तितके दूध नव्याने तयार होते, हा नियम कासेला आणि स्तनाला सारखाच लागू आहे. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजावे आणि घड्याळाकडे पाहण्यापेक्षा बाळाकडे पाहावे.

दूध पुरते की नाही याची खात्री बाळाच्या लंगोटावरून करून घेता येते. पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून बाळ 24 तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा लघवी करीत असेल व वजन वाढत असेल तर दूध पुरते असे समजावे. आरंभीच्या दिवसांत वजन थोडे उतरते. साधारण दोन आठवड्यांत ते जन्मवेळेइतके भरून येते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

सहा महिने पाणीसुद्धा नाही

ह्या सूचनेला सर्वांत जास्त विरोध होतो तो मराठवाडा-विदर्भातील उन्हाळ्यात. घरात माठातील पाणी पिऊनही घसा सुकतो, मग बाळाला पाणी कसे न द्यावे? उत्तर असे की, आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असते. ऊन वाढले की बाळ अधिक वेळा ओढते व त्याची तहान भागते. पाण्याने त्याचे इवलेसे पोट भरते, दूध कमी जाते आणि उन्हाळ्यातील गढूळ पाण्यातून जुलाबाला आमंत्रण मिळते. पाणी आईने प्यावे, भरपूर प्यावे. बाळगुटीचेही तसेच. सहाण, त्यावर उगाळलेले वेखंड-जायफळ आणि त्यासाठी घेतलेले पाणी यांच्या स्वच्छतेची खात्री देता येत नाही व गुटीची मात्रा हाताच्या अंदाजावर ठरते. सहा महिने पुरे होईपर्यंत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाखेरीज दुसरे काहीही देऊ नये. त्यानंतर मऊ भात-वरण, नाचणीची पेज, कुस्करलेले केळे ह्यांनी वरचे अन्न सुरू करावे. अंगावरचे दूध दोन वर्षे व पुढेही चालू ठेवावे. डब्यातील भुकटीच्या जाहिरातीस 1992 च्या कायद्याने मनाई केलेली आहे, हेही दुकानदाराला व ग्राहकाला ठाऊक असलेले बरे.

आई शेतावर, बाळ झोळीत

इथपर्यंत जे सांगितले ते घरी राहू शकणाऱ्या आईपुरते सोपे आहे. हातावर पोट असणाऱ्या बाईला सव्वा महिना कोण देतो? नोकरदार स्त्रीला 1961 च्या कायद्याने प्रसूतीची रजा मिळाली आणि 2017 साली ती 26 आठवड्यांची झाली. निंदणी-खुरपणी करणारी, किलोवर कापूस वेचणारी मजूर बाई त्या रजेच्या बाहेरच राहिली. ऊसतोडणीचे तर विचारूच नये. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दसऱ्यानंतर जोडपी निघतात, फडाजवळ कोप्या घालून राहतात आणि पहाटेच्या अंधारात तोडीला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई दोन दिवस बसली तर खाडा पडतो व उचलीचा बोजा वाढतो. तान्हे बाळ बांधावर झोळीत आणि त्याच्यावर लक्ष ठेवावयास सहा-सात वर्षांची बहीण, असा तो संसार असतो. अशा बाईला ‘दिवसातून दहा वेळा पाज’ असे नुसते सांगणे म्हणजे तिची थट्टा आहे.

येथे घरातील पुरुषाने, टोळीच्या मुकादमाने व शेतमालकाने हात लावला पाहिजे. झोळी कामाच्या ओळीजवळ सावलीत आणून ठेवली, दर दोन-अडीच तासांनी बाईला पाव तास बसू दिले आणि तो वेळ खाड्यात धरला नाही, तर उसाच्या उताऱ्यात काही कमी पडत नाही. दोन-तीन कोप्यांनी मिळून एक जाणती बाई पाळीपाळीने मुलांजवळ ठेवावी. बाळ सोबत नेणे शक्यच नसेल तर आईने जाण्यापूर्वी हात स्वच्छ धुऊन दूध वाटीत काढावे, झाकून थंड जागी ठेवावे आणि ते चार तासांच्या आत चमच्याने पाजले जावे. हे सर्व सोईचे नाही. पण गाभण म्हैस बाजाराला चालवत नेऊ नये एवढी जाण असलेल्या माणसाला ओल्या बाळंतिणीच्या डोक्यावर मोळी देण्यापूर्वी थांबता येते.

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोजच्यापेक्षा सुमारे 600 कॅलरी अधिक लागतात. दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर उसळ आणि एक शेंगदाण्याचा लाडू एवढ्यात हे भागते. दुभत्या जनावराला शरीर राखण्याचा खुराक वेगळा आणि दुधाचा वेगळा, असा हिशेब गोपालक करतोच. घरात मात्र सून सर्वांच्या शेवटी जेवते आणि टोपल्यात उरले असेल तेवढ्यावर भागविते. अंगणवाडीतून मिळणारा शिधाही सर्वांच्या ताटात वाटला जातो. आदिवासी भागांत गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक पूर्ण गरम जेवण देणारी अमृत आहार योजना 2015 साली सुरू झाली, ती नेमकी हा अनुभव ध्यानात घेऊन. अंगणवाडीत बसून जेवलेले अन्न आईच्याच पोटात जाते.

गडचिरोलीचा अनुभव

गावातील साध्या शिकलेल्या स्त्रीला हे काम जमते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच मिळालेले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत स्थानिक स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग 1995 पासून केला. त्यांनी घरोघर जाऊन बाळाचे वजन केले, ऊब व अंगावरचे पाजणे यांकडे लक्ष दिले, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखली व औषधोपचारही केला. पहिल्या महिन्यातील मृत्यूचे प्रमाण तेथे हजारी 62 होते, ते तिसऱ्या वर्षी सुमारे 25 वर आले. हे श्रेय एकट्या पाजण्याचे नव्हे, हे उघड आहे. पण आशा कार्यकर्तीच्या आजच्या गृहभेटी ह्याच अनुभवावर उभ्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर 3, 7, 14, 21, 28 व 42 ह्या दिवशी आणि घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही तिने यावयाचे असते. ती आली की तिला ओटीवरून परत न लावता बाळ-बाळंतिणीजवळ नेऊन बसवावे. बाळ ओढीनासे झाले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास जोराने चालला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली तर पुढच्या भेटीची वाट न पाहता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

गृहभेटींच्याही आधीची एक भेट मात्र कोणत्याही तक्त्यात नाही, ती कार्यकर्त्याने आपणहून करावी. आठवा महिना लागला की त्या घरी जावे, शक्य तर संध्याकाळी धारेच्या वेळी, म्हणजे घरधनी व सासूबाई दोघे भेटतात. बोलणे गोठ्यापासून सुरू करावे. मग दवाखान्यात सोबत कोण जाणार, बाळ प्रथम कोणाच्या हाती येणार, हे विचारून त्याच व्यक्तीला सांगावे की परिचारिकेकडून बाळ घेतल्यावर ते व्हरांड्यात थांबवू नये, आईजवळ नेण्यास सांगावे. दवाखान्याच्या पिशवीत जुन्या धुतलेल्या लुगड्याचे मऊ तुकडे, बाळाचे टोपडे, आईसाठी डब्यात लाडू, एक वाटी व चमचा एवढे भरून तयार ठेवावे. मधाची बाटली घरी फडताळातच राहू द्यावी.